काजू उठतो, बोंडू पडतो

एप्रिलमध्ये आमच्या काजूच्या बागेत सकाळचं काम ठरलेलं असतं. झाडाखाली पडलेला बोंडू, म्हणजे काजूचं रसाळ फळ, उचलायचा, पीळ देऊन बी सुटी करायची, बी टोपलीत टाकायची आणि बोंडू तिथेच सोडून पुढच्या झाडाकडे जायचं. अकरा वाजेपर्यंत झाडाखाली लाल-पिवळा सडा पडलेला असतो. दुपारी त्यावर माश्या बसतात आणि संध्याकाळी आंबूस वास सुटतो. बी मात्र वाळवून पोत्यात भरली की महिनोन्‌महिने तशीच राहते. आज भाव पडलेला असेल तर पावसाळ्यानंतर विकता येते.

बोंडूचं वजन बीच्या कितीतरी पट असतं. तो रसाने भरलेला असतो आणि त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. झाड तेच, माती तीच, राखण तीच. तरी एकाला दारात व्यापारी येतो आणि दुसरं गुरांपुढे नाहीतर मातीत जातं.

"कोकणी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय, बहुतेक वेळा कोकणी माणसाच्याच तोंडून. मला ते कधीच पटलं नाही. ज्या हाताने बोंडू टाकला त्याच हाताने बी चांगल्या भावाने विकली, मग खोट त्या माणसात कशी? खरा फरक मालात आहे, आणि मालाभोवती कोणी काय उभं केलं आहे त्यात. बाजारात यासाठी एक नेमका शब्द आहे: उठाव. "माल चांगला आहे पण उठाव नाही," असं कुठलाही वाणी सहज बोलून जातो. चांगला असणं आणि उठाव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या एका वाक्यात आलं. दुसरी गोष्ट कशाने येते, हे समजून घेण्यासारखं आहे.

ऑस्ट्रियाचा अर्थशास्त्रज्ञ कार्ल मेंगर याने १८७१ साली आपल्या ग्रंथात यावर बारकाईने लिहिलं. त्याला पडलेला प्रश्न पैशाचा होता. वस्तूच्या बदल्यात वस्तू देणारे लोक मधेच सोन्या-चांदीकडे कसे वळले? त्याचं उत्तर असं: सगळ्या वस्तूंना सारखा उठाव नसतो. मीठ, गुरं, धातू अशा काही वस्तू कोणीही, कुठेही, केव्हाही घेतो. मग शहाणा माणूस स्वतःला नको असतानाही ती वस्तू घेऊन ठेवू लागतो, कारण ती पुढे सहज खपणार हे त्याला ठाऊक असतं. असं सगळेच करू लागले की त्या वस्तूचा पैसा होतो. कोणा राजाने हुकूम काढायची गरज पडत नाही.

मेंगरने उठावाला चार बाजूंनी कुंपण असतं असं दाखवलं. वस्तू किती जणांना हवी आहे, किती लांब नेता येते, एका वेळी किती खपते आणि विकणारा किती दिवस थांबू शकतो. बोंडूला हे लावून बघा. घशाला खवखवणारा तुरट रस आवडणारी माणसं थोडी, पाटीत भरून वाशीला पोचेपर्यंत त्याचा लगदा, अख्ख्या गावाचा बोंडू एकाच हंगामात खाली पडणार आणि थांबायला फार तर एक दिवस. चारही कुंपणं अगदी अंगाला लागून. काजूगराची चारही कुंपणं दूरवर गेलेली आहेत.

उठाव मोजायचा एक साधा मार्ग आहे. वस्तू आज विकत घ्या आणि उद्या विकायला जा. किती तूट येते ते बघा. सोन्याच्या वळ्यात अगदी थोडी. नव्या कपाटात निम्मी. कोणा चित्रकाराकडून घेतलेल्या चित्रात कदाचित सगळीच. ही तूट म्हणजे त्या वस्तूला पुढचं गिऱ्हाईक शोधण्याची किंमत.

आता कोकणातलं स्वयंपाकघर या नजरेने पाहिलं तर ते उठाव तयार करण्याची जागा दिसतं. पावसाळ्याची बेगमी म्हणून बायका जे जे करत आल्या ते सगळं काळाचं कुंपण मागे ढकलण्याचं काम आहे. रातांबा, म्हणजे कोकमाचं फळ, झाडावरून उतरला की चार दिवसांत मऊ पडतो. त्याची साल त्याच्याच रसात बुडवून उन्हात घातली की सोलं होतात, रसात मीठ घातलं की आगळ होतं, आणि बियांतून तेल निघतं. फणसाची पोळी, आंब्याची पोळी, सुका बांगडा, सोडे, जवळा हे सगळं त्याच जातीचं. हर्णैच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावर लिलाव बघितलाय का कधी? ताज्या मासळीवर बोली किती घाईने लागते! तिथे प्रत्येक मिनिटाला माल विकणाऱ्याची ताकद कमी होत असते आणि घेणाऱ्याला ते माहीत असतं. बर्फ ही ताकद काही तासांनी वाढवतो, मीठ आणि ऊन काही महिन्यांनी.

पण टिकाऊपणा एवढाच प्रश्न असता तर सगळी सोलं सोन्यासारखी विकली गेली असती. तशी ती जात नाहीत. कारण सोलं घेणारा आधी पुडा फोडतो, एक सोल जिभेवर ठेवतो, मीठ जास्त आहे का बघतो, मगच भाव बोलतो. इथे काजूने बाजी मारली आहे. काजूगराची प्रत जगभर एकाच भाषेत सांगितली जाते. डब्ल्यू-३२० म्हणजे एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० पांढरे अख्खे गर. डब्ल्यू-१८० म्हणजे तेवढ्याच वजनात १८० पर्यंत, म्हणून गर मोठा आणि भाव चढा. अर्धी पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, डागी वेगळा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती बागायतदारांनी उचलल्या त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्यांचा गर जाड, वरच्या प्रतीत बसणारा. दुबईतला व्यापारी आमचा काजू न बघता, न चाखता, फोनवर नुसता आकडा बोलून मागवू शकतो. ज्या मालाचं वर्णन एका आकड्यात होतं त्याला अनोळखी गिऱ्हाईक मिळतं. माझ्या मते प्रतवारी हा कोकणातल्या मालाचा सर्वात दुर्लक्षित भाग आहे. आम्ही आगळ करतो उत्तम, पण दोन बाटल्या एकसारख्या लागतील याची हमी देत नाही.

आणि हमीचा विषय निघाला की हापूसपाशी यावंच लागतं. हापूसमध्ये एक दोष असतो, त्याला आम्ही साका म्हणतो. वरून फळ देखणं, रंग केशरी, वास घमघमीत, आणि कापलं की कोयीजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. फळ झाडावर जास्त मुरू दिलं की साका वाढतो, म्हणून जाणता बागायतदार ते चौदा आणे तयार झालं की देठासकट उतरवतो. तरीही साका पूर्णपणे टळत नाही. विकणाऱ्याची खरी अडचण इथेच आहे. न कापलेला आंबा ओळखता येत नाही आणि कापलेला आंबा विकता येत नाही.

अशा बाजारात काय होतं, हे जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडलं. त्याचं उदाहरण जुन्या मोटारींचं होतं. तीन नियतकालिकांनी तो निबंध परत पाठवला होता. पुढे २००१ साली त्याच कामासाठी त्याला इतर दोघांबरोबर नोबेल मिळालं. आपण त्याचं गणित आंब्यावर करू. समजा, निर्दोष पेटीची खरी किंमत ३००० रुपये आहे आणि साक्याच्या पेटीची १०००. बाजारात दोन्ही निम्म्या-निम्म्या आहेत आणि गिऱ्हाइकाला बाहेरून फरक कळत नाही. तो मधला विचार करून २००० देऊ करतो. साकावाला आनंदाने देतो. चांगला माल असलेला म्हणतो, या भावात मी देत नाही, नातेवाइकांना वाटेन. तो बाजारातून निघाला की उरलेल्यांत साक्याचं प्रमाण वाढतं. गिऱ्हाइकाला तो अनुभव येतो आणि पुढच्या वर्षी तो १५०० वर उतरतो. मग आणखी काही चांगले निघून जातात. फसवणूक थोड्यांनी केली तरी भाव सगळ्यांचा पडतो, आणि आधी बाहेर पडतो तो प्रामाणिक माणूस.

कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरून विकला जातो तेव्हा नेमकं हेच घडतं. तो आंबा वाईट असतो असं मुळीच नाही. पण देवगड हे नाव ज्या खात्रीचं होतं ती खात्री त्या पेटीगणिक पातळ होते. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, ते या आजारावरचं औषध म्हणून. १९९९ च्या कायद्याने असं मानांकन दिलं जातं. ते एका माणसाचं नसतं, त्या भागातल्या सगळ्या उत्पादकांचं असतं. मात्र ते वापरायला प्रत्येकाने स्वतःची वेगळी नोंदणी करावी लागते. ही दुसरी पायरी अनेकांना माहीतच नसते. मानांकन मिळालं म्हणून गावात पेढे वाटले जातात आणि नोंदणीचा अर्ज कोणी भरत नाही, हे मी पाहिलं आहे आणि त्याचं मला वाईट वाटतं. कागदावरचं मानांकन गिऱ्हाइकाला दिसत नाही. त्याला पेटीवरचा क्रमांक दिसतो, आणि तो तपासून उत्तर आलं तरच विश्वास बसतो.

याच हापूसच्या बाबतीत एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांचा संकर करून 'रत्ना' ही जात काढली आणि १९८१ साली ती लागवडीसाठी दिली. रत्नाला साका होत नाही. फळ मोठं असतं आणि झाड बऱ्यापैकी नियमित धरतं. ज्या दोषामुळे सगळा बाजार धास्तावलेला असतो तो दोषच तिच्यात नाही. तरी मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक साक्याचा धोका पत्करून हापूसच मागतं. कारण हापूस या शब्दामागे कित्येक पिढ्यांची चव आहे. भेट म्हणून पेटी पाठवली तर घेणाऱ्याला ती काय आहे हे सांगावं लागत नाही. रत्नाची पेटी पाठवली तर आधी समजावून सांगावं लागतं. चांगल्या मालाला उठाव मिळायला गुणाइतकंच लागतं ते आधीपासून समोरच्याच्या डोक्यात असलेलं नाव, आणि नाव एका हंगामात तयार होत नाही.

कधी कधी कुंपण सरकार घालतं. किडीच्या भीतीने अमेरिकेने भारतातला आंबा जवळजवळ अठरा वर्षं बंद ठेवला होता. २००७ साली विकिरणाची प्रक्रिया करून तो पुन्हा सुरू झाला, आणि आंबा त्यासाठी लासलगावला जाऊ लागला, मुळात कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रात. २०१४ च्या मे महिन्यात युरोपीय संघाने बंदी घातली, ती पुढच्या वर्षी उठली. या सगळ्या काळात फळाची गोडी तसूभरही बदलली नव्हती.

आता कलेकडे येतो. सोन्याचा दागिना हा इथे चांगला पूल आहे. आईची नथ किंवा पोहेहार मोडीत घालायला नेला की सोनार वजन करतो, डाग काढतो, त्या दिवसाचा भाव लावतो. घडणावळ? ती गेली. कारागिराने रात्र-रात्र बसून केलेली नक्षी आगीत जाते आणि धातू मात्र जशाच्या तशा किमतीला राहतो. सोनं कोणालाही हवं आहे. ती नक्षी मात्र एका विशिष्ट डोळ्याला हवी आहे, आणि तो डोळा आज या दुकानात असेलच असं नाही. कलेला उठाव देणं अवघड का असतं, याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

म्हणूनच कलेचा जो भाग वस्तूत उतरतो तो आधी विकला जातो. सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी फळांची परडी मिळते: आंबा, केळं, सीताफळ, मिरचीसुद्धा. पाहता क्षणी कळतं, हातात मावतं, गाडीत फुटत नाही, सडत नाही, किंमत खिशाला झेपते. मेंगरची चारही कुंपणं त्या परडीने ओलांडली आहेत, आणि जिची ती नक्कल आहे त्या खऱ्या फळाला ते जमलेलं नाही.

तिथूनच थोड्या अंतरावर राजवाड्यात गंजिफा रंगवल्या जातात. दशावतारी गंजिफेचे गोल पत्ते १२०, दहा अवतारांचे प्रत्येकी बारा. छापील पत्ते आल्यावर गंजिफा खेळणारे संपत गेले आणि ही कला हातातून जायच्या बेतात होती. १९७० च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यात कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली. आज जोड घेणारे बहुतेक लोक त्या पत्त्यांनी खेळत नाहीत, त्यांना तो डाव येतही नाही. ते जपून ठेवायला किंवा भेट द्यायला घेतात. वस्तू तीच राहिली आणि तिचं काम बदललं. जुनं काम मेल्यावर नवं काम शोधून देणं हाही उठाव निर्माण करण्याचाच प्रकार आहे, आणि मला तो फार मोठ्या कल्पकतेचा वाटतो.

पिंगुळीच्या चित्रकथीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. कुडाळजवळच्या या गावात ठाकर समाजाने चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या. तिथले परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. परंपरेत चित्रकथीचं चित्र विकायची वस्तूच नव्हतं. चित्रांची पोथी समोर ठेवायची, एकेक चित्र उभं करायचं आणि वाद्यांच्या साथीने रामायण-महाभारतातली कथा गायची. खरी कला त्या सांगण्यात होती. चित्र म्हणजे तिचा आधार. आता गिऱ्हाईक येतं, एक चित्र आवडतं, ते चौकटीत घालून भिंतीवर लावतं. कागदाला उठाव आला, कथेला नाही. हे चूक आहे असं मी म्हणणार नाही, त्यावर घरं चालतात. पण कलेतला जो भाग नेता येतो तोच बाजार उचलतो, आणि नेता न येणारा भाग मागे एकटा राहतो. त्याची सोय बाजाराबाहेर कोणीतरी करावी लागते.

दशावतार हे आमचं लोकनाट्य तर नेताच येत नाही. तो बोंडूसारखाच, त्याच रात्री खायचा. संवाद लिहिलेले नाहीत, रंगमंचावर ऐनवेळी सुचतात, आणि पहाट झाली की संपतात. १९६६ साली विल्यम बाउमोल आणि विल्यम बोवेन या दोघांनी रंगभूमीच्या अशा अडचणीचं कारण सांगितलं. कारखान्यात यंत्र आलं की त्याच माणसाच्या हातून दुप्पट माल निघतो. पण चार वादकांनी वाजवायच्या रचनेला दोनशे वर्षांपूर्वी चार वादक आणि अर्धा तास लागत असेल, तर आजही तेवढेच लागतात. बाहेर मजुरी वाढते, म्हणून कलाकाराचीही वाढवावी लागते, आणि खेळ दर वर्षी महाग होत जातो. राजपार्टी, स्त्रीपार्टी, पेटीवाला, मृदंगवाला यांतल्या कोणाला वगळून तुम्ही खेळ स्वस्त कराल?

दशावताराने यावर जुनाच उपाय ठेवला आहे. तिकीट नाही. गाव किंवा देवस्थान अख्खा खेळ ठरवतं आणि जत्रेला आलेला कोणीही बसून बघतो. खेळ आवडेल की नाही हा धोका एकट्या प्रेक्षकाने घ्यायचा नसतो, गावाने मिळून घ्यायचा असतो. कलेच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे, कारण ती चांगली होती की नाही हे बघून झाल्यावरच कळतं, आणि तोवर पैसे देऊन झालेले असतात. तिकिटाच्या खेळात प्रेक्षक हा धोका कमी करायला नावाचा आधार घेतो. वेगवेगळ्या मंडळ्यांतले नावाजलेले कलाकार एकत्र आणून संयुक्त दशावतार लावतात, तेव्हा फलकावर आख्यानापेक्षा कोणाची भूमिका कोण करणार हे मोठ्या अक्षरांत असतं, ते उगीच नाही.

नाव नसेल तर माणूस गर्दी बघतो. याचा एक सुंदर प्रयोग मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. अनोळखी गायकांची ४८ गाणी, ऐकणारे १४००० हून जास्त. काहींना फक्त गाणी दाखवली. इतरांना आठ वेगळ्या गटांत वाटून, आपल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी डाउनलोड करून घेतलं तो आकडाही दाखवला. आकडा दिसताच पुढची गाणी आणखी पुढे आणि मागची आणखी मागे गेली. शिवाय एका गटात गाजलेलं गाणं दुसऱ्या गटात मधेच कुठेतरी अडकलेलं दिसलं. सर्वात चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, सर्वात वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या मोठ्या ढिगात काय उठेल ते पहिल्या काही ऐकणाऱ्यांवर ठरलं. ज्या चित्रकाराचं चित्र विकलं गेलं नाही त्याने हे जरूर लक्षात ठेवावं. न विकलं जाणं हा त्याच्या हातावर दिलेला निकाल नसतो.

यंदा आम्ही घरी बोंडूचा रस काढला. साबुदाण्याची पातळ पेज घालून तुरटपणा खाली बसवायचा, वरचा नितळ रस गाळायचा, साखर घालून सरबताचा पाक करायचा, ही कृती शिकण्याजोगी आहे. तीस बाटल्या झाल्या. अन्नसुरक्षेची नोंदणी केली, घटक लिहिले, तारीख छापली. काळाचं कुंपण एका दिवसावरून काही महिन्यांवर गेलं. मग पुण्यातल्या एका दुकानदाराने फोनवर विचारलं, "चव कशासारखी असते?" मी थांबलो. कोकम म्हटलं की जिभेला कळतं, आंबा म्हटलं की कळतं. बोंडू माहीत नसलेल्याला बोंडू कशासारखा लागतो हे सांगायला दुसरं फळच नाही. त्याने बाटल्या घेतल्या नाहीत, आणि त्याचं चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणून पहिल्या सहा बाटल्या विकायच्या नाहीत असं ठरवलं. आठवडा बाजारात माझी काकी माठातलं गार पाणी आणि छोटे पेले घेऊन बसली. "वायच चाखान बघा, मगे घेवा," एवढंच ती म्हणत होती. गावातल्या म्हाताऱ्यांनी चाखताच ओळखलं आणि लहानपणच्या रानाच्या गोष्टी सुरू केल्या, पण घेतलं कोणी नाही. त्यांच्या झाडाखाली तो फुकट पडलेला असतो. कोल्हापूरहून आलेल्या एका कुटुंबाने दोन पेले संपवले. बाई म्हणाल्या, "कशासारखं लागतंय ते सांगता येईना, पण दोन बाटल्या द्या." त्या गेल्यावर काकीने मला विचारलं, चिठ्ठीवर चवीच्या ओळीत काय लिहायचं. ती ओळ अजून कोरीच आहे.